शब्बाथच्या दिवशी घराने काय करावे

ज्यू धर्मशास्त्रानुसार शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताआधी सुरू होतो आणि शनिवारी रात्री तारे दिसू लागले की संपतो. या सुमारे २५ तासांत वर्ज्य असलेल्या कामांचे ३९ मूळ प्रकार मिश्नेत, म्हणजे इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या धर्मसंहितेत, नोंदवलेले आहेत. नांगरणे, पेरणे, दळणे, विणणे, लिहिणे, बांधणे, विस्तव पेटवणे, तो विझवणे अशी ही यादी शेतकरी, कोष्टी आणि गवंडी यांच्या जगातून आलेली आहे. माणूस एक तर काम करतो किंवा करत नाही, असेच तिच्यात वरवर पाहता गृहीत धरलेले दिसते. हालचाल टिपून दिवा लावणारे, आवाज ऐकून पडदे सरकवणारे, पडलेल्या माणसासाठी आपणहून मदत मागवणारे घर या मांडणीत बसवायला गेले की पहिला पेच कर्तेपणाचा पडतो. घराने केलेले काम कोणाच्या नावावर जमा करायचे? धडधाकट माणसाला हा प्रश्न टाळता येतो. सगळी यंत्रणा शुक्रवारीच बंद करून तो रात्री अंधारात चाचपडत जाईल. नजर अधू झालेल्या, चालताना तोल जाणाऱ्या वृद्धाला ती सोय उरत नाही.

कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण तेल गाळण्याचा त्यांचा धंदा शनिवारी बंद असे. घाण्याचा बैल सोडला की काम थांबे. बैलाची सुट्टीही शास्त्रानेच सांगितलेली, कारण दहा आज्ञांमधली विश्रांतीची आज्ञा घरच्या नोकरांना आणि जनावरांनाही लागू होते. १९४८ नंतर या समाजातले बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. डिमोना, लोद, अश्दोद, बीरशेबा या शहरांत ते वसले आणि ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही तिथून निघाले. लहानपणी रायगडातून गेलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीला पोचली आहे. त्यांच्यातले जे शब्बाथ काटेकोर पाळतात, त्यांना सेन्सर बसवलेल्या घरात बैल सोडावा तसे काही सोडता येत नाही. अशा घरात नुसते वावरणे म्हणजेच ते चालवणे.

विजेबद्दल ऑर्थोडॉक्स रब्बींचे एकमत आहे ते ती शब्बाथला वापरू नये या निष्कर्षावर, कारणावर नाही. जुन्या पद्धतीच्या दिव्यात तार तापून लाल होते, तेव्हा तो विस्तवच, हे बहुतेकांना मान्य आहे. जिथे काहीच तापत नाही तिथे वाद सुरू होतो. ‘खाझोन इश’ या नावाने ओळखले जाणारे इस्राएलमधल्या बनेई ब्राकचे रब्बी अव्राहाम येशाया कारेलित्झ (१८७८–१९५३) यांच्या मते वीजमंडल पूर्ण करणे म्हणजे बांधकाम. जेरुसलेमचे रब्बी श्लोमो झालमान आउएरबाख (१९१०–१९९५) यांना ते पटले नाही. उष्णता वा उजेड देणारी तार नसेल तर मूळ निषेध सापडत नाही, पण समाजाने वीज वापरायची नाही हा रिवाज पक्का केला आहे आणि तो मोडू नये, असा त्यांचा कल होता. हा फरक कीस काढल्यासारखा वाटेल. वृद्धांच्या बाबतीत मात्र त्याला फार मोल आहे. निषेध तोरा या मूळ धर्मग्रंथातला असेल तर जिवावर बेतल्याशिवाय तो बाजूला सारता येत नाही. रब्बींनी घातलेला असेल तर आजार, वेदना, मानहानी यांपुढे तो मागे हटू शकतो. एलईडी दिवे आल्यापासून घरातली कितीतरी उपकरणे या दुसऱ्या बाजूला सरकली आहेत.

डिमोनातल्या एखाद्या ८५ वर्षांच्या आजींचा रात्रीचा प्रसंग घेतला तर शास्त्राची कसोटी जवळून दिसते. पहाटे तीनला त्या लघवीला उठतात. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत दहाबारा पावले, मध्ये उंबरठा, हातात वॉकर. बोळात सेन्सरचा दिवा आहे आणि त्या आल्या की तो लागतो. त्यांचा हेतू न्हाणीघरात जाण्याचा आहे, दिवा लावण्याचा नाही. हेतू नसताना घडलेल्या गोष्टीला शास्त्र सवलत देते, पण ती गोष्ट अटळ असेल तर देत नाही. कोंबडीचे मुंडके छाटून ती मरू नये अशी अपेक्षा धरता येत नाही, या दाखल्याने तालमूद हा मिश्नेवरील चर्चाग्रंथ ही अट समजावतो. मग पुढचा मुद्दा येतो: ही अटळ गोष्ट त्या माणसाला हवी होती का? शेजाऱ्याच्या फाटकावरून जाताना दिवा लागला तर जाणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नसते. अशा वाटसरूकडे शास्त्री बऱ्याच उदारपणे पाहतात. बनेई ब्राकचेच रब्बी श्मुएल वोस्नर (१९१३–२०१५) यांनी तर आपल्या नेहमीच्या चालण्यात काहीच भर न घालणाऱ्या माणसावर सेन्सरची जबाबदारी टाकायला नकार दिला. पण आजींना तो उजेड हवाच आहे. तो नसेल तर खुब्याचे हाड मोडेल. म्हणजे निकषांच्या या टप्प्यावर, ज्याला गरज नाही त्याला सूट आणि ज्याची गरज खरी त्याच्यावर आक्षेप, असा उफराटा हिशेब होतो. आजारपण आणि मानवी प्रतिष्ठा यांची प्रकरणे उघडेपर्यंत तो तसाच राहतो. केवळ सेन्सरवरचा एखादा निर्णय वाचून थांबणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

या प्रसंगापुरता सर्वांत साधा उपाय जुनाच आहे. मंद दिवा शुक्रवारपासून रात्रभर चालू ठेवावा. झोपेच्या खोलीत मात्र सतत उजेड नको असतो, म्हणून दिवा पेटताच ठेवून त्याच्यावरचे झाकण फिरवायचे, असे ‘कोशर लॅम्प’ नावाचे उपकरण निघाले. विजेला हात न लावता अंधार-उजेड मिळतो, शास्त्राची अडचण उरत नाही. झाकण फिरवायला मनगटात जोर मात्र लागतो. संधिवाताने बोटे वाकलेल्या माणसाला ते झाकण शब्बाथच्या दिवशी जसे फिरत नाही, तसे मंगळवारीही फिरत नाही.

अप्रत्यक्ष कृतीची संकल्पना इथून पुढे कामाला येते. तिला ग्रामा म्हणतात आणि तिचे मूळ मिश्नेतल्या आगीच्या एका प्रसंगात आहे. शब्बाथच्या दिवशी घराला आग लागली तर ती हाताने विझवता येत नाही, पण पाण्याने भरलेली भांडी तिच्या वाटेत मांडता येतात. आगीच्या धगीने ती फुटतील आणि पाणीच आगीला अडवेल. त्यावरही रब्बी योसे यांनी हरकत घेतली होती की नवी मातीची भांडी हमखास फुटतात, मग अप्रत्यक्ष ते काय राहिले? सोळाव्या शतकात क्राकोचे रब्बी मोशे इस्सेर्लेस यांनी ही वाट नुकसान टाळण्यापुरती मर्यादित केली. विसाव्या शतकात जेरुसलेममध्ये रब्बी लेवी यित्झाक हाल्पेरिन यांची विज्ञान आणि हलाखा (ज्यू धर्मशास्त्र) यांची संस्था, आणि वेस्ट बँकेतील अलोन श्वूत या वसाहतीत रब्बी यिस्राएल रोझेन यांनी उभारलेली झोमेत संस्था, यांनी याच तत्त्वावर उपकरणे बनवली. रचना थोडक्यात अशी: बटण दाबल्याने वीजमंडल पूर्ण होत नाही, फक्त बटणाची जागा बदलते. आतला एक तपासनीस ठरावीक अंतराने सगळ्या बटणांची हजेरी घेत असतो. पुढच्या फेरीत त्याला बदल आढळतो आणि मग यंत्र हलते. रुग्णालये, सुरक्षाव्यवस्था, अपंगांच्या चालत्या गाड्या यांसाठी हे तंत्र रुळले. ते सरसकट प्रत्येक घरात आणण्याचा प्रयत्न २०१५ मध्ये ‘कोशरस्विच’ नावाच्या भिंतीवरच्या बटणाने केला, तेव्हा अनेक रब्बी खवळले. गरजूंसाठी ठेवलेली फट धडधाकटांनी दरवाजा समजून वापरू नये, असा त्यांच्या विरोधाचा रोख होता.

वापराच्या बाजूने पाहिले तर ग्रामाची खरी अडचण वेगळीच आहे. उपकरण वृद्धांना वापरता यावे म्हणून रचनाकार जे नियम पाळतात त्यांतला पहिला असा की कृती केल्याबरोबर तिचा परिणाम दिसला वा ऐकू आला पाहिजे. ग्रामाला नेमका त्याच ठिकाणी खंड हवा असतो. पलंगाची पाठ वर करायचे बटण दाबले आणि काही सेकंद काहीच झाले नाही, तर विसराळू झालेला माणूस ते पुन्हा दाबतो. दुसऱ्या दाबाने पहिला रद्द होतो. तिसऱ्यांदा दाबून त्याने हात मागे घेतला, कूस बदलली, आणि तेवढ्यात पाठ वर येऊ लागली. शास्त्राचा मान राखणारा विलंब अशा वेळी सर्वांत दुबळ्या माणसाकडून वसूल होतो. बटण दाबले गेले हे सांगायला छोटा दिवा बसवावा, तर तो लागणे हीच एक विद्युत-कृती. निभावून नेणारा उपाय यांत्रिक आहे. खटका खट्कन वाजावा, बोटाला कळावा, आणि त्याची दांडी वर आहे की खाली यावरून केलेली निवड चष्म्याशिवाय ओळखता यावी. विजेचा संबंध नसलेला हा प्रतिसाद शास्त्रालाही चालतो आणि थरथरत्या हातालाही. स्पर्शाच्या काचेवर तो मिळत नाही; शिवाय कोरड्या पडलेल्या त्वचेचा स्पर्श ती काच कित्येकदा ओळखतच नाही.

अशक्तपणा म्हणजे काय याची वैद्यकातली बहुपरिचित व्याख्या २००१ मध्ये लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. आपोआप वजन घटणे, सतत थकवा, हाताची पकड कमजोर होणे, चालण्याचा वेग मंदावणे, हालचाल कमी होणे या पाचांपैकी तीन वा अधिक लक्षणे असली की माणूस अशक्त वृद्ध ठरतो. यांतले एकही लक्षण म्हणजे रोग नव्हे. हलाखा मात्र रोगाच्या पायऱ्यांनी विचार करते: किरकोळ दुखणे, सगळ्या शरीराला व्यापणारा पण प्राणघातक नसलेला आजार, आणि जिवाला धोका. तिसऱ्या पायरीवर जवळजवळ सगळे निषेध गळून पडतात. दुसऱ्या पायरीवर रब्बींनी घातलेल्या बऱ्याच निषेधांना मुरड घालता येते आणि ज्यू नसलेल्या माणसाकडून काम करून घेता येते. पहिलीवर फारसे काही मिळत नाही. ज्याला आज काही झालेले नाही, पण वाटेत अंधार असला तर उद्या होईल, असा माणूस या जिन्यावर नेमका कुठे उभा करायचा? लहान मुलाच्या गरजांना दुसऱ्या पायरीचा दर्जा सोळाव्या शतकापासून दिला गेला. वृद्धाला असा सरसकट दर्जा मिळाला नाही, आणि ते एका परीने बरेच झाले, कारण म्हातारपण हे आजारपण नव्हे आणि दुसरे बालपण तर नव्हेच. पण त्यामुळे प्रत्येक घरी प्रश्न नव्याने विचारावा लागतो. उत्तर देणारा रब्बी त्या माणसाला चालताना पाहून देतो की नुसता तारांचा आराखडा पाहून, यावर बरेच काही ठरते. पहिल्या प्रकारचे निर्णय साहजिकच अधिक उपयोगी असतात.

अशा प्रकरणांत आधाराला येते ती मानवी प्रतिष्ठेची संकल्पना. माणसाची मानहानी होत असेल तर रब्बींनी घातलेला निषेध बाजूला ठेवता येतो, हे तालमूदमध्येच आहे. जेरुसलेमच्या शारे झेदेक रुग्णालयाशी निगडित असलेले रब्बी एलिएझेर वाल्डेनबर्ग यांनी श्रवणयंत्राच्या प्रश्नात तिचा आधार घेतला. ऐकू न येणारा माणूस प्रार्थनेत आणि पंक्तीत असूनही नसल्यासारखा होतो, आणि लोकांची उत्तरे न कळल्याने हसू होते ते त्याचेच. हाच तर्क ओल्या अंथरुणात सकाळची वाट पाहणाऱ्या माणसाला अधिकच लागू पडतो. अमेरिकेतल्या कॉन्झर्वेटिव्ह पंथासाठी रब्बी डॅनिएल नेविन्स यांनी २०१२ मध्ये वीजउपकरणांवर सविस्तर निर्णय लिहिला. अपंग आणि दुर्बळ यांच्यासाठी लागणारी उपकरणे त्यांनी प्रतिष्ठेच्याच आधारावर वेगळी काढली. ऑर्थोडॉक्स रब्बी त्यांचे सगळे निष्कर्ष मानत नाहीत.

जिवाच्या धोक्याबद्दल शास्त्र अजिबात चाचरत नाही. नुसती शंका असली तरी शब्बाथ मोडायचा. कोसळलेल्या ढिगाऱ्याखाली कोणी असेल-नसेल, जिवंत असेल-नसेल, तरी ढिगारा उपसायचा. मध्ययुगीन शास्त्री मायमोनिदीझ यांनी तर अशा वेळी शब्बाथ मोडण्याचे काम पोरासोरांवर न सोपवता विद्वान आणि थोर माणसांनी करावे असे लिहिले, म्हणजे पाहणाऱ्यांच्या मनात किंतू राहणार नाही. जेरुसलेमी तालमूद आणखी पुढे जातो: अशा वेळी परवानगी विचारत बसणारा रक्तपाताचा धनी, आणि ज्या रब्बीला ती विचारावी लागते त्याची लाज, कारण त्याने लोकांना आधीच शिकवायला हवे होते. गळ्यात अडकवलेल्या मदतीच्या बटणाला हे शब्दशः लागू पडते. पडल्यावर उठता येत नसेल तर बटण दाबायचे, एवढेच. तरी जन्मभर शब्बाथ पाळलेली बोटे त्या क्षणी अडखळू शकतात. बटण मोठे केले, लाल केले, म्हणून हा संकोच जात नाही. तो ओळखीच्या रब्बीने आधीच, स्पष्ट शब्दांत, शक्य तर मुलाबाळांसमोर सांगितल्याने जातो. वापरसुलभतेचा हा भाग यंत्राबाहेर आहे आणि कोणत्याही माहितीपत्रकात तो सापडायचा नाही.

पडणे आपोआप ओळखणारी मनगटी घड्याळे २०१८ पासून घरोघरी पोचली आणि अडखळणाऱ्या बोटांचा प्रश्न त्यांनी बराच सोडवला, कारण माणसाला काही करावेच लागत नाही. त्यांच्यासोबत उलटा प्रश्न आला. आजी खुर्चीत धपकन बसल्या, घड्याळ थरथरले आणि विचारू लागले की पडलात का? नाही म्हणायचे तर पडद्याला बोट लावायला हवे. न लावावे तर थोड्या वेळात संदेश जातो आणि रुग्णवाहिका दारात उभी राहते. एका धप्पदिशी बसण्यापायी चार माणसांचा शब्बाथ मोडतो. बोट लावणे ही लहान कृती आणि न लावल्याने घडणारी मालिका मोठी, हे उघड दिसते. तरी निवड माणसाने पहाटे तीनला, घाबरलेल्या अवस्थेत करावी हे बरोबर नाही. खोटा इशारा बोट न लावता, नुसते उठून चालू लागल्याने रद्द होणारी रचना हवी, आणि तिच्याबद्दल रब्बीला विचारायचे ते शुक्रवारच्या आत.

याच्या बरोबर उलट टोकाला न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन (१८९५–१९८६) यांचा आक्षेप आहे. वेळ लावून ठेवलेल्या घड्याळाने दिवे लागणे-मालवणे त्यांनी रूढ झाले म्हणून सोडून दिले, पण इतर कामांना ते तंत्र लावू दिले नाही. असे केले तर कारखानाही शब्बाथला आपोआप चालेल आणि दिवसाचे पावित्र्य कागदावर उरेल, अशी त्यांना धास्ती होती. घर सगळेच करू लागले तर विश्रांती कशापासून घ्यायची, हा त्यामागचा प्रश्न आजही खोडून काढता येत नाही. मात्र त्यांच्या डोळ्यांसमोर ज्याला काम टाळायचे आहे असा माणूस होता. ज्याला नुसते उभे राहणे हेच काम झाले आहे असा माणूस नव्हता. सामान्य नियम दुबळ्यांवर कसा पडतो याचे उदाहरण लिफ्टचे आहे. प्रत्येक मजल्यावर आपोआप थांबणारी शब्बाथ-लिफ्ट इस्राएलमध्ये इतकी रुळली की २००१च्या कायद्याने एकाहून अधिक लिफ्ट असलेल्या नव्या इमारतींत तिची सोय सक्तीची केली. २००९ मध्ये रब्बी योसेफ शालोम एल्याशिव आणि इतर काही ज्येष्ठांनी अशी लिफ्ट वापरू नये असे जाहीर केले. तरुण कुटुंबांना जिने चढावे लागले. सातव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना मात्र आठवड्यातून एक दिवस खाली उतरून सिनेगॉगला जाणेच बंद करायची वेळ आली.

स्वयंपाकघरात हीच ओढाताण तापमानाची होते. बऱ्याच विद्युत-भट्ट्या १२ तासांनी स्वतःहून बंद पडतात, आणि ही सोय विसरभोळ्या माणसाच्या रक्षणासाठीच असते. शब्बाथचे जेवण रात्रभर गरम राहावे म्हणून अशा भट्ट्यांत ‘शब्बाथ मोड’ ठेवतात. तो लावला की आपोआप बंद होणे थांबते, आतला दिवा आणि पडदाही शांत होतो. म्हणजे ज्या घरात विस्मरण वाढले आहे तिथे नेमकी राखण काढून घेतली जाते. २०१५ मध्ये ब्रुकलिनमध्ये शब्बाथसाठी चालू ठेवलेल्या हॉटप्लेटमुळे आग लागून एका घरातली ७ मुले दगावली, तेव्हापासून धूरसूचकांचा आग्रह वाढला. वृद्धांच्या घरी हॉटप्लेटला शुक्रवारीच बाहेरून वेळेची मर्यादा घालणे, भले दुपारचे जेवण कोमट मिळो, हे अधिक शहाणपणाचे.

बोलून चालणारी उपकरणे चाचपडणाऱ्या हातांना वरदान वाटतात, पण आवाजाने आज्ञा देणे हे बटण दाबण्याइतकेच स्वतःचे कृत्य मानण्याकडे ऑर्थोडॉक्स रब्बींचा कल आहे. माणसाच्या बाबतीत तसे नाही. इस्राएलमध्ये वृद्धांची देखभाल करणाऱ्यांत फिलिपिन्स, नेपाळ, श्रीलंका आणि भारतातून आलेल्या स्त्रिया पुष्कळ आहेत. आजाऱ्यासाठी त्यांना काम सांगता येते आणि एरवीही काही मर्यादांत नुसते सुचवता येते. खोलीत फार अंधार झाला, एवढे आजी म्हणतात आणि बाई उठून दिवा लावते. यंत्राला हे आडून बोलणे कळत नाही. कळू लागले तर ते आडून बोलणे राहणार नाही, आज्ञाच होईल. माणसाला पर्याय म्हणून यंत्र विकणाऱ्यांनी हा फरक लक्षात घेतलेला नाही. त्या बाईची स्वतःची सुट्टी कोणत्या दिवशी, हेही विचारले गेले पाहिजे, कारण विश्रांतीची आज्ञा घरातल्या परक्या माणसालाही धरून आहे.

राहतो तो नोंदींचा प्रश्न. घर दिवसभर टिपत असते: किती वाजता उठल्या, फ्रिज किती वेळा उघडला, न्हाणीघरात किती वेळ लागला. नेविन्स यांना शब्बाथच्या संदर्भात विजेपेक्षा अशा टिकाऊ नोंदीच अधिक खटकल्या, कारण त्या लिहिण्याच्या जवळ जातात. ऑर्थोडॉक्स बाजूला, ज्याच्या नकळत आणि इच्छेविना नोंद होते त्याच्यावर दोष सहसा येत नाही. नोंदी वाचणाऱ्याची अडचण अधिक व्यावहारिक आहे. आईच्या घरातला इशारा मुलीच्या फोनवर येतो, आणि मुलगीही शब्बाथ पाळत असेल तर तो फोन शुक्रवार संध्याकाळपासून कपाटात बंद असतो. दूरवरून लक्ष ठेवण्याची सगळी व्यवस्था आठवड्यातला एक दिवस अशी बहिरी होते. म्हणून अशा घरांसाठी इशारा आधी माणसे बसलेल्या केंद्राकडे जावा लागतो, केंद्राकडे शब्बाथ न पाळणाऱ्या एखाद्या नातेवाइकाचा किंवा शेजाऱ्याचा नंबर असावा लागतो, आणि पाळणारा शेजारीच जवळ असेल तर त्याच्याकडे घराची किल्ली आणि फक्त त्या केंद्रालाच ठाऊक असलेल्या नंबराचा फोन. तो वाजला की कारण एकच असू शकते, त्यामुळे उचलावा की नाही हे त्याला कोणाला विचारावे लागत नाही.